रमणभाईंची गाडी झाली

अहो, गाडी अशी उघडी टाकून कुणी जातं का?

तुमची सवय तर याच्या अगदी उलट. दारात पाहुणा उभा असला तरी हातातलं काम हातावेगळं केल्याशिवाय तुम्ही उठायचा नाहीत. माझा भाऊ धुळ्याहून आला होता तेव्हा बिचारा मांडीवर पिशवी घेऊन बाकड्यावर ताटकळत बसला होता, आणि तुम्ही कुणाच्या तरी चेनला तेल देता देता त्याला म्हणत होतात, "पाव्हणा, बठा, बठा, आपलंच घर शे." आणि या खेपेला? रमणभाईंच्या मोटरसायकलचा जुना सेन्सर काढून ठेवलेला, नवा अजून डबीतच, सीट माझ्या साड्यांच्या पोटल्यावर टेकवलेली, आणि तुम्ही म्हणालात, "छातीमा कसंतरी व्हई ऱ्हायनं व." उंबऱ्यावर बसलात. पाणी मागितलंत. मी तांब्या घेऊन आले तोवर, गाडी कुठवर आली ते बघायला आलेले रमणभाईच तुम्हाला सावरत होते. रिक्षाही त्यांनीच थांबवली.

पुढचं मी लिहीत नाही. दारावर बसायला आलेल्या प्रत्येक बाईला ते सांगावं लागलं, आणि सांगून सांगून ते आता दुसऱ्याच कुणाच्या घरात घडल्यासारखं वाटतं. शिवाय तुम्ही होतातच की तिथे.

गंधमुक्तीचा विधी झाला, माणसं पांगली. थोरल्या जाऊबाई थोडं थांबल्या. त्यांनी माझं कपाट आवरलं, म्हणजे त्यातलं लाल लाल ते सगळं वेचून काढलं. कुंकवाचा करंडा, बांगड्या, नेलपॉलिशच्या बाटल्या. "आते तुले काय करनं शे हाई?" म्हणाल्या. मला संताप आला होता, पण त्याही रडतच वेचत होत्या, तेव्हा रागवायचं तरी कुणावर? मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हटल्यावर तुम्हाला खरं वाटणार नाही, पण बसले.

मग त्याही गेल्या. प्रशांत वापीला कामावर गेला. जाताना तुमच्या लेकाने उघड्या गाडीकडे पाहिलं आणि आपल्या नेहमीच्या गुजरातीत मला सांगितलं, "मम्मी, नाकावाळा गॅरेजमां आपी दे ने. माथाकूट शुं काम करे छे?" सुटे भाग पिशवीत भरायचे, गाडी ढकलत नाक्यावर न्यायची आणि मोकळं व्हायचं. बरोबरच होतं त्याचं. तरी मी त्याला म्हटलं, बघू. तो दिसेनासा झाला तशी मी गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढलं आणि गाडीपाशी येऊन बसले.

खरं सांगू का? ती गाडी तशीच राहावी असं मला वाटत होतं. ती स्टँडवर उघडी उभी आहे तोवर तुमचं काम चालू आहे. माणूस काही आणायला गेलंय, येईल आता, अशी ती दिसते. पाना टाकीवर ठेवलेला, फडकं हँडलला लटकवलेलं. ती बाहेर गेली की गाळ्यात फक्त मी आणि साड्या. मग कुणाची वाट बघतेय असं म्हणायला तोंड राहणार नव्हतं.

आपला हा एवढासा गाळा. बाहेर पर्वत पाटियाच्या रस्त्याची ती अखंड कलकल, आत पुढच्या बाजूला तुमच्या गाड्या, मागच्या कोपऱ्यात माझं साड्यांना स्टोन चिकटवायचं काम. एका छताखाली दोन कारखाने, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. साड्यांना पेट्रोलचा वास येतो म्हणून मार्केटातला शेठ ओरडायचा, आणि गाडीला स्टोन चिकटले म्हणून गिऱ्हाईक हसायचं. तो कडोदऱ्याचा लूमवाला नंबरप्लेटवर हिरवा स्टोन मिरवत घरी गेला होता. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे तक्रार घेऊन येईल म्हणून मी घाबरले, तर तो म्हणाला, बायकोला आवडला, आणखी एक लावून द्या.

कार्बोरेटरच्या गाड्या होत्या तोवर तुम्हाला माझी गरज लागली नाही. कान लावायचा, स्क्रू फिरवायचा, झालं. मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर हा सेन्सर आला. मला पहिल्यांदा समजावून सांगताना तुम्ही म्हणाला होतात, मूठ किती पिळली ते गाडीच्या डोक्याला कळवणारा हा चहाडखोर. त्याने खोटं सांगितलं की डोकं पेट्रोल कमी-जास्त सोडतं, मग गाडी झटके मारते, सिग्नलला उभी राहिली की बंद पडते. "म्हणजे आपल्या घरातल्या थोरल्या जाऊबाई," मी म्हटलं होतं, "सासूबाईंना सगळं कळवणाऱ्या." तुम्ही इतके हसलात की हातातला स्क्रू गटारीत गेला, आणि तो शोधायला मलाच लावलंत.

काही गाड्यांत तो बसवला की बसला. पण रमणभाईंच्या गाडीसारखी असली की त्याच्या स्क्रूची भोकं लांबट असतात, तो केसभर इकडे-तिकडे फिरवून नेमका जमवावा लागतो. मूठ सोडलेली असताना व्होल्ट मोजायच्या मीटरवर ठरलेला आकडा आला पाहिजे, आणि मूठ हळूहळू पिळत गेलं की आकडा उड्या न मारता चढला पाहिजे. ते आकडे तुम्हाला दिसायचे नाहीत. चष्मा होता, पण तो लावायचा नाही, का तर गिऱ्हाईक म्हातारा समजतं. म्हणून मग हाक यायची, "आकडा सांग व!" हाताला गोंद तसाच, मी उठून यायचे, तुमच्या खांद्यामागे उभी राहायचे आणि मीटर वाचायचे. पुढे. अजून. जास्त झाला. मागे घ्या. हं, थांबा.

आणि तुमचा हात थांबायचा.

हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. घरात तुम्ही माझं एक ऐकायचा नाहीत. मीठ कमी खा म्हटलं तर पापड मागायचा. गावाकडच्या लग्नाला ट्रेनने जाऊ म्हटलं तर मोटरसायकलच काढायचा. दवाखान्यात दाखवून या, हे तर मी भिंतीला सांगितलं असतं तर भिंत जाऊन आली असती. पण तिथे, त्या गाडीपाशी, मी थांबा म्हटलं की तुमचा हात जिथल्या तिथे थांबायचा. मला ते फार आवडायचं. मी गोंद वाळतोय म्हणून कुरकुर करत यायचे ना, ती कुरकुर खोटी होती. आतून मी हाकेकडे कान लावूनच बसलेली असायचे.

भांडण मात्र एकच होतं आणि ते मिटलं नाही. आकडा नेमका जमला की तुम्ही स्क्रू आवळायचा, आणि आवळताना आकडा जरासा वर सरकायचा. मी म्हणायचे, हालला. तुम्ही म्हणायचा नाही हालला. मी म्हणायचे, मला दिसतोय, मीटर मी बघतेय. तुमचं उत्तर ठरलेलं, "आकडा नही हालना, तुन्ही पापणी हालनी." आणि वर, "तू फक्त आकडा सांग, अक्कल नको सांगू." रमणभाईंसमोर असं बोललात तेव्हा मी सगळी संध्याकाळ तुमच्याशी बोलले नव्हते, आठवतं? तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही. मीच शेवटी चहा घेऊन आले.

रमणभाई. या माणसाने एकदाही गाडी मागितली नाही. इच्छापोरला कारखान्यात जायचं, म्हणजे रिक्षा, मग बस, मग पुन्हा चालणं, आणि परत येताना तेच. एका सकाळी डब्याची पिशवी खांद्याला लावून ते शटरपाशी आले, वाकून आत आले, टाकीवर हात ठेवून उभे राहिले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "उतावळ नथी, भाभी. शांतिथी." मला म्हणे घाई नाही, आणि बस चुकू नये म्हणून स्वतः धावत गेले. वय झालंय हो त्यांचं, धावताना एका बाजूला झुकतात. ते पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. तुम्ही असता तर मला काय काय बोलला असता. गिऱ्हाईकाची गाडी अडकवून ठेवणं तुम्हाला कधी खपलं नाही, आणि मी ती जवळ घेऊन बसले होते.

द्यायची तर होतीच. पण नाक्यावर नाही. तुमच्या हातचं अर्धं काम दुसऱ्याने पुरं करायचं आणि वर म्हणायचं, आधीच्याने काय करून ठेवलंय बघा. सगळे मेकॅनिक असंच म्हणतात. तुम्हीही म्हणायचा.

दुपारचं पोटलं आलं, ते तसंच बाजूला ठेवलं आणि तुमची पेटी उघडली.

पेटीत काय काय निघालं ते सांगत नाही. फक्त एक सांगते, माझी लाल नेलपॉलिशची बाटली निघाली. प्रशांत शाळेत असताना मी सगळं घर शोधून त्याच्या वर्गातल्या मुलींवर संशय घेतला होता ती. जुना सेन्सर काढायच्या आधी त्याच्यावर आणि खालच्या धातूवर मिळून तुम्ही एक लाल रेघ मारायचा, म्हणजे तो कसा बसला होता ते कळावं. त्यासाठी पळवली होती. जाऊबाईंचा हात कपाटात फिरला, पेटीपर्यंत पोचला नाही.

धातूवर तुमची रेघ होती. त्या दिवशीच मारलेली, सरळ, जराशी जाड. चष्म्याशिवाय मारली तरी सरळ. मी नवा सेन्सर डबीतून काढला, बसवला आणि त्या रेघेला बरोबर जुळवला. चांदणीच्या डोक्याचे स्क्रू लावले. मीटर कुठे ठेवायचं? तुम्हाला मी होते. मी ते साडीच्या लेसने हँडलला बांधलं. काळी वायर गाडीच्या अंगाला, लाल वायरची टाचणी सेन्सरच्या जोडाच्या मागून आत सरकवली. हे सगळं मी कितीदा पाहिलंय, पण हाताला माहीत नव्हतं. टाचणी दोनदा निसटली. चावी फिरवली.

आकडा जिथे हवा त्याच्या बराच वर होता.

मला तो बदलावासा वाटेना. रेघ तुमची आहे, बरोबर जुळलीय, मग मीटर चुकत असेल. मी मीटरची बॅटरी बदलली. तोच आकडा. मग म्हटलं, असू दे, चालू तर करून बघू. गाडी चालू झाली आणि उभ्या जागी धापा टाकायला लागली. आवाज आपला आपण चढतोय, आपला आपण पडतोय, पुन्हा चढतोय, आणि फट्‌कन बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. मी तुमच्यावर ओरडले. खरंच ओरडले, मोठ्याने, शटरच्या आत. रेघ नीट मारता येत नाही का तुम्हाला, म्हणून.

मग उंबऱ्यावर बसले. तुम्ही बसला होतात तिथेच, दुसरी जागाच नाही. बसल्यावर आठवलं की नवा सेन्सर बसवताना तुम्ही रेघेकडे नुसतं बघायचा, वाट सापडावी म्हणून, आणि नंतर हाक मारायचा. रेघेवर आकडा कधीच आला नव्हता. ती जुन्या सेन्सरची होती. प्रत्येक वेळी तुम्ही स्वतःच्या रेघेवरून हलायचा. मीच सांगायचे ना, पुढे, अजून, मागे घ्या. मला ठाऊक होतं. फक्त तुमची शेवटची रेघ मोडायची माझी तयारी नव्हती.

उठले. चावी फिरवली, स्क्रू सैल केले. सेन्सरला दोन बोटं लावली आणि मीटरकडे पाहिलं. मीटरकडे पाहिलं की बोटं भरकटतात, बोटांकडे पाहिलं की आकडा पळतो. दोन माणसांचं काम आहे ते, एकाने करायचं नाहीच. शेवटी मी सवयीप्रमाणे मोठ्याने बोलायला लागले. मागे. अजून मागे. जास्त झाला, पुढे घ्या. हो, घ्या म्हटलं, मला घे म्हणता येईना. आकडा जमला. थांबा, म्हणाले, आणि हात थांबला. तो माझाच होता. गाळ्यात इतकी शांतता झाली की बाहेरचा पर्वत पाटियाही गेला कुठेतरी.

त्या क्षणी मला तुमची जितकी आठवण आली तितकी स्मशानातून माणसं परतली त्या दिवशीही आली नव्हती. तेव्हा घर भरलेलं होतं. आता मी आकडा बरोबर सांगितला होता आणि पुढे तुमची पाठ नव्हती.

डोळे पुसून स्क्रू आवळायला घेतले. आणि आकडा हालला. अहो, हालला! मी पापणी मिटली नव्हती. डोळे फाडून बघत होते, आणि माझ्याच हाताने आवळताना तो जरासा वर सरकला. मी पुन्हा सैल केले, पुन्हा जमवला, पुन्हा आवळले. पुन्हा हालला. इतकी वर्षं मी बरोबर होते. मी जिंकले. गाळ्यात उभी राहून मी हसायला लागले आणि मग हसू थांबेना आणि मग ते हसू राहिलं नाही. तुमच्याशी भांडून हरण्यात जी मजा होती, तिच्यापुढे हे जिंकणं अगदी अळणी लागलं. तुम्ही म्हणायला हवं होतं, पापणी हालनी. मी तेही मान्य केलं असतं.

शेवटी आवळताना जेवढा वर सरकतो तेवढाच आधी खाली ठेवला. आवळला, तर बरोबर जागेवर येऊन बसला. मूठ हळूहळू पिळली, आकडा जिना चढल्यासारखा एकेक चढत गेला, कुठे अडखळला नाही. मग तुम्ही करायचा तसं बॅटरीची वायर काढून ठेवली. तसं केलं की गाडीचं डोकं जुन्या सेन्सरचं सगळं विसरतं म्हणे. बरं आहे गाडीचं. तेवढ्या वेळात बाटलीतल्या घट्ट झालेल्या लाल रंगात काडी बुडवून मी नवी रेघ मारली, तुमच्या रेघेशेजारी. माझी वाकडी आली. काडीला थोडा रंग उरला होता, तो करंगळीच्या नखाला लावला. एकाच. जाऊबाईंना सांगू नका.

वायर जोडली, गाडी चालू केली आणि मुठीला हात न लावता तशीच तापू दिली. सुरुवातीला जरा कुरबुरली. मग आवाज एका पट्टीत आला आणि तिथेच राहिला. मी समोर पाटावर बसून ऐकत राहिले. बंद करावीशीच वाटेना. बऱ्याच दिवसांनी गाळ्यात माझ्याशिवाय दुसरा कुणाचा तरी आवाज होता.

रमणभाई संध्याकाळी आले. मी सीट बसवून, टाकी पुसून गाडी दारात काढली होती. माझ्या नखाकडे त्यांची नजर गेली, सेन्सरवरच्या दोन रेघांकडे गेली, आणि त्यांनी डोक्याला हेल्मेट घातलं. मी शटर पूर्ण वर केलं. गाडी नाक्यावरून वळेपर्यंत उभी राहिले. आत आले तर फरशीवर तिच्या स्टँडचा ओरखडा आणि भोवती इतकी मोकळी जागा, की साड्यांचं पोटलं मी उगीचच तिथे आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पोचल्यावर त्यांनी फोन केला. तुमच्या नंबरवर. तो मी बंद केलेला नाही. मागे मशीनचा धडधडाट होता, म्हणून ते ओरडून बोलत होते. "भाभी, मख्खन जेवी चाले छे! एक वार पण झटको नथी मार्यो!" मी म्हटलं, सारुं थयुं, बरं झालं. आणि त्याच आनंदात, त्याच आवाजात ते तुमच्यासाठी निरोप देऊन बसले, "भाईने कहेजो!"

मग मागचं मशीन तेवढं ऐकू येत राहिलं. त्यांना फोन ठेवता येईना की माफी मागता येईना. मीच म्हटलं, "कही दईश." सांगेन म्हणून.

तर अहो, रमणभाईंची गाडी लोण्यासारखी चालतेय. एकदाही झटका मारला नाही. त्यांनी तुम्हाला सांगायला सांगितलंय.